फक्त अकराचं ऐकणारा आकडा

उमाबाईला कुणी फसवल्याचं धामणवाडीत कुणाच्या ऐकिवात नव्हतं. पण आज कुणीतरी आपल्याला फसवणार आहे, याची उमाबाईला रोज सकाळी खात्री असायची. दूधवाल्याचं माप ती आधी उलटं धरून झटकून बघायची. कासाराच्या बांगड्या कानाशी नेऊन वाजवायची. नवरा बसवराजअप्पा यांचं किराणा दुकान घराच्या पुढच्या खोलीत होतं. तिथं मधल्या दारात उभी राहून ती नवऱ्याच्या तराजूवरही नजर ठेवायची. एकदा भर बाजाराच्या दिवशी, गिऱ्हाइकांच्या देखत, "अहो, काटा आपल्याकडं झुकलाय, त्यांच्याकडं झुकू द्या," असं ती म्हणाली होती. अप्पा त्यानंतर चार दिवस तिच्याशी बोलले नाहीत. पण तेव्हापासून जळकोटला निघालेली माणसंसुद्धा वाटेत धामणवाडीला उतरून साखर घेऊ लागली.

लातूर जिल्हा झाला तेव्हा गावात पेढे वाटले. उमाबाईनं पेढा घेतला, वास घेतला आणि म्हणाली, "मामंजींच्या वक्ताला आपण बिदरचे होतो. मी लग्न होऊन आले तवा उस्मानाबादचे. आता लातूरचे. गाव बसलंय एका जागी, आणि जिल्हेच येऊन-जाऊन राहिलेत. यात कुणाचा तरी फायदा असणार."

"पेढा तरी खा," अप्पा म्हणाले.

"खाते की. पेढ्यानं काय केलंय."

नव्या जिल्ह्याला चार वर्षं झाली आणि लागोपाठ दुसरा पावसाळा कोरडा गेला. विहिरींत उतरून माणसं वाटीनं पाणी भरू लागली. शाळेपुढच्या मैदानात टँकर यायचा, आणि तो कधी यायचा ते टँकरवाल्यालाही ठाऊक नसायचं. म्हणून बाया पहाटेच घागरी रांगेत लावून, घागरीच्या तोंडावर खूण म्हणून दगड ठेवून, जिथं सावली मिळेल तिथं बसून राहायच्या.

अशा वेळी, शिवरात्रीच्या आधी, विरूपाक्ष स्वामींनी महादेवाच्या देवळात गाव जमवलं. स्वामी म्हणजे गावातल्या लिंगायत मठाचे जंगम. उंच, वाळके, आवाज मात्र भरलेल्या हंड्यासारखा. पावसासाठी अतिरुद्र करायचा, असा त्यांनी संकल्प सांगितला. रुद्र म्हणायचा चौदा हजार सहाशे एक्केचाळीस वेळा.

गावानं माना डोलावल्या. बायांच्या बाजूनं उमाबाईचा आवाज आला, "एवढा तुटका आकडा कामून, स्वामी? पंधरा हजार कामून न्हाई?"

लोक हसले. स्वामी हसले नाहीत. "तुटका न्हाई, आई. अकरांदा म्हटला की एकादशनी. अशा अकरा झाल्या की लघुरुद्र, एकशे एकवीस. अकरा लघुरुद्रांचा महारुद्र, तेराशे एकतीस. आणि असे अकरा झाले की अतिरुद्र. आपल्याकडं म्हणणारी अकरा माणसं हायत. प्रत्येकानं रोज अकरांदा म्हणायचा. म्हंजे रोजचा एक लघुरुद्र. तसे एकशे एकवीस दिवस. शिवरात्रीला सुरू, आषाढात समाप्ती."

घरी आल्यावर उमाबाई तुरीची डाळ निवडायला बसली. हात सुपात आणि मन आकड्यात. उदगीरला मामाकडे राहून ती सातवीपर्यंत शिकली होती, पावकी-निमकी तिला अजून पाठ होती. तिनं बोटानं डाळीतच आकडे काढले. एक. मग अकरा. मग एक दोन एक. मग एक तीन तीन एक. दर वेळी शेजारच्या दोन अंकांची बेरीज करून त्यांच्या मध्ये मांडायची, दोन्ही टोकांना एकेक ठेवायचा, की पुढचा आकडा तयार. एक चार सहा चार एक. मागून वाचा, पुढून वाचा, तोच. आणि एकशे एकवीसला एकशे एकवीसनं गुणलं तरी तोच. उमाबाईच्या भुवया वर गेल्या. इतकी सरळ वागणारी गोष्ट तिनं आजवर पाहिली नव्हती, आणि म्हणूनच तिला तिचा भरवसा वाटेना.

मग ती त्या आकड्याला फोडायच्या मागं लागली. दोननं जाईना, विषम आकडा. तीननं बघावं तर अंकांची बेरीज सोळा, म्हणजे तेही नाही. पाचानं नाही. सातानं भाग देऊन बघितला, चार उरले. तेरानं दिला, तीन उरले. अकरानं दिला मात्र, एकदम साफ. आलेल्या तेराशे एकतीसला पुन्हा अकरानं, साफ. एकशे एकवीसला, साफ. अकराला अकरानं, खाली राहिला एक.

"अहो," ती दुकानात ओरडली, "एवढा मोठा आकडा, अन् पोटात नुसते अकरा, अकरा, अकरा, अकरा. दुसरं कुणी न्हाईच."

"मग?"

"मग काही न्हाई. बघून ठेवलं."

"तुला देवाच्या आकड्याचाबी शक येतो का, उमा?"

"देवाचा न्हाई. आकडा सांगणाऱ्याचा."

शिवरात्रीच्या आदल्या दिवशीच घोळ झाला. अकरांपैकी चंद्रप्पाला लातूरहून बोलावणं आलं. नवा जिल्हा म्हणजे नवी हपिसं, नव्या हपिसांना शिपाई लागत होते, आणि त्यानं अर्ज केलेला होता. सकाळच्या एसटीनं तो गेला. देवळात बसायला उरले दहा. लोकांनी विचारलं तेव्हा स्वामी एवढंच म्हणाले, "सोय झाली हाय. सगळ्यांनी सारखं वाटून घेतलंय. आकडा भरंल."

गावाला तेवढं पुरलं. उमाबाईला "सारखं" हा शब्द पुरेना. रात्री वाढलेलं ताट पुढ्यात ठेवून ती बोटांवर हिशेब करत बसली. दहा माणसांत सारखं वाटायचं तर एक उरतो. आणखी दोघं आणून बारा केले, तरी एकच उरतो. हा आकडा कुणाचं ऐकतच नाही. ऐकतो तो फक्त अकराचं. मग दहांनी सारखं वाटून घेतलं म्हणजे काय केलं?

दोन दिवसांनी म्हणणाऱ्यांपैकी एकजण काडेपेटीला दुकानात आला. उमाबाईनं त्याला मधल्या दारातूनच गाठलं. "का रे, रोज किती म्हणतोस?"

"अकरा, काकू. ठरल्यापरमाणं."

"अन् बाकीचे?"

"अकराच की. सारखं."

दहा अकरे एकशे दहा. रोजचे अकरा कमी. उमाबाईच्या डोक्यात आता दुसरं काही मावेना. देवाच्या दारात रोज अकरा रुद्र गायब होतायत, आणि आवाज भरलेल्या हंड्यासारखा असलेला माणूस "भरंल, भरंल" म्हणून राहिलाय.

स्वामी कापूर घ्यायला आले तेव्हा तिनं अप्पांना आत चहा करायला पाठवलं. अप्पा मुकाट गेले. अशा वेळी चहा कोण करतं हे विचारायचं नसतं, हे ते शिकले होते.

"स्वामी, तोंडं दहा. प्रत्येकी अकरा. उरलेले अकरा कोण म्हणतंय?"

स्वामींनी तिच्याकडे बघितलं. रस्त्याकडे बघितलं. मग गालातल्या गालात हसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "आई, हे तुम्हीच मला इचारायचं व्हय?"

आणि कापूर घेऊन चालू लागले.

उमाबाईच्या कानशिलांतून जाळ निघाला. "म्हणजे मी विचारू नये! सगळ्या गावानं विचारावं, मी न्हाई!" अप्पा चहा घेऊन आले तो तिनं एका घोटात प्यायला आणि साखर कमी घातली म्हणून त्यांनाच बोलली.

हे डोक्यात असतानाच शेजारची नागाबाई आली. नागाबाई कधी नुसती येत नसे, काहीतरी घेऊन येई. या वेळी तिनं पदर तोंडावर घेतला, म्हणजे बातमी मोठी होती.

"उमाबाई, वाईट वाटून घेऊ नगा. तुमची सून हाय न्हवं, सिंधु. ती रांगंत एकलीच लांब बसती. बाभळीखाली, आमच्याकडं पाठ करून. अन् ओठ हालवून राहती. तास न् तास. एकदा मी हाक मारली तर हूं न्हाई का चूं न्हाई. कुणावर काय करून राहिलीय की."

"करणी म्हणतेस?"

"म्या कुठं म्हणलं? तुमीच म्हणलं."

सिंधु नांदेड जिल्ह्यातल्या भोकरची. उमाबाईच्या मुलाचं, मन्मथचं, लग्न होऊन वर्ष झालं होतं. मन्मथ लातूरच्या मोंढ्यात आडतीच्या दुकानावर कामाला, महिन्यातून एकदा येणारा. सून इथं सासूपाशी. मुलगी कामसू, कमी बोलणारी. आणि कमी बोलणाऱ्या माणसाचं उमाबाईला आधीपासूनच कोडं पडायचं. बोलणारा निदान खोटं बोलताना सापडतो तरी.

नागाबाई गेल्यावर उमाबाईनं ठरवून बघायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी सिंधु घागर घेऊन आली. उमाबाईनं घागरीत डोकावलं. पाणी काठाला चार बोटं कमी.

"सांडलं वाटतं?"

"हाव, आत्याबाई. हिंदकळलं."

तिसऱ्या दिवशीही चार बोटं. चौथ्याही दिवशी. पाणी हिंदकळतं तेव्हा कधी जास्त हिंदकळतं, कधी कमी. रोज मोजून चार बोटं हिंदकळणारं पाणी उमाबाईनं पाहिलं नव्हतं. म्हणजे ही वाटेत कुणाला तरी तांब्याभर पाणी देत होती. या दिवसांत, जेव्हा पाहुण्यालाही आधी "तहान लागली का" असं दबकत विचारायचे. कुणाला?

आठवडाभरानं घागर पालथी घालताना आतल्या गळ्याला काहीतरी चिकटलेलं दिसलं. तिनं बोट घालून काढलं. बेलाचं पान. तीन दळांचं, ओलं, ताजं.

उमाबाई ते पान तळहातावर घेऊन बराच वेळ उभी राहिली. ओठ हलवणं. पाणी देणं. पाण्यात बेल. आपल्या घरात ही पोर कुणाच्या तरी नावानं काहीतरी करत होती. आपल्याच नावानं असणार, दुसरं आहेच कोण. मूल व्हावं म्हणून असतं तर सांगितलं असतं. नवऱ्याकडे लातूरला जायचं असेल. सासूच्या हातून सुटायचं असेल.

जेवताना ती अप्पांना म्हणाली, "मन्मथला सांगावा धाडा. देवाचं चाललंय तवर नको, समाप्तीला येईल तवा सिंधुला भोकरला पोचवू द्या म्हणावं."

"चार दिवस माहेरपणाला?"

"परत आणायचं का ते मग बघू."

अप्पांचा घास हातातच राहिला. "उमा, पोरीनं केलं काय?"

"तेच तर कळंना. कळलं असतं तर इथंच बोलले असते."

अप्पांना भाकरी गोड लागली नाही, आणि भिंतीपलीकडे भांडी घासण्याचा आवाज थांबला होता हे दोघांच्याही लक्षात आलं.

सिंधुचं या घरात राहणं आता उमाबाईच्या एका शब्दावर होतं. आणि बिगर पुराव्याचा शब्द उमाबाईनं जन्मात उच्चारला नव्हता. म्हणून दुसऱ्या दिवशी सून घागर घेऊन गेली, तशी थोड्या वेळानं तीही दुसरी घागर घेऊन निघाली. "दोन घागरी आल्या तर बऱ्याच," एवढंच अप्पांना म्हणाली.

रांग शाळेच्या कुंपणाला वळसा घालून गेली होती. घागरी बसल्या होत्या, बाया सावल्यांना टेकल्या होत्या. बाभळीखाली सिंधुची पाठ. उमाबाई कुंपणाच्या आडून वाकत, गुडघ्यांना शिव्या देत, बाभळीच्या मागच्या पडक्या भिंतीपाशी जाऊन बसली. आणि कान लावला.

आधी जात्यासारखी घरघर ऐकू आली. मग तीत शब्द उमटू लागले. नमो. पुन्हा नमो. पुन्हा. चढत, उतरत, कुठंही न अडखळता. श्वास कुठं घ्यायचा ते ठरलेलं. हे उमाबाईनं दर सोमवारी देवळात ऐकलं होतं. हा रुद्र होता.

एकदा संपला. सिंधुनं पदराच्या गाठीतून एक बेलाचं पान काढून मांडीवर ठेवलं आणि पुन्हा सुरू केलं. दुसरं पान. तिसरं. टँकर आला, बाया धावल्या, आरडाओरडा झाला. हिचे ओठ घागर भरतानाही चालूच. शेवटचं पान तिनं भरल्या घागरीशी उभं राहून काढलं आणि सगळी पानं पाण्यात सोडली. उमाबाई मोजत होतीच. अकरा.

उमाबाईच्या डोक्यात एकशे दहा कधीपासून उभे होते, त्यांच्याशेजारी अकरा येऊन बसले.

सिंधु देवळाच्या मागच्या दारानं गेली. स्वामींनी तांब्या पुढं केला. तिनं त्यात घागर कलंडली, पानांसकट. चार बोटं पाणी.

आता दुसरी कुणी असती तर तिथंच पोरीला पोटाशी धरलं असतं. उमाबाईला तिथंच तीन नवे प्रश्न पडले. ही शिकली कुठं? बरोबर म्हणते का? आणि स्वामी आपल्याला पाहून हसले का?

दुपारी भाकरी थापताना तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुझे आजोबा काय करायचे गं?"

"गुरुपादप्पा आजोबा? दुकान होतं. मग दिसंनासं झालं." सिंधुचा हात पिठावर थांबला. "ते रोज रुद्र म्हणायचे. डोळे गेल्यावर पोथी वाचता येईना, अन् पाठ असलेलंबी अधेमधे निसटायचं. मग मी पोथी धरून बसायची. चुकलं की सांगायची."

"किती वर्सं?"

"चौथीत असल्यापासून लगीन होईस्तोवर."

उमाबाईनं भाकरी उलटली. पुढं काही विचारलं नाही, आणि आपण काय बघितलंय तेही सांगितलं नाही. ऐकलेलं खरं की खोटं ते आधी बघायला हवं होतं. त्यासाठी तिनं सोमवारी देवळात बसून दहाजणांचं म्हणणं नीट कानात भरून घेतलं, आणि मंगळवारी भिंतीमागं बसून सुनेचं त्याच्याशी ताडून पाहिलं. दहांतला एकजण एका ठिकाणी घसरायचा. सिंधु घसरत नव्हती.

मग रोजचंच झालं. पुढं सून, मागं सासू. नागाबाई म्हणाली, "काय पत्ता लागला का?" उमाबाई म्हणाली, "बघून राहिलेय." आणि ती खरंच बघून राहिली होती. चैत्र गेला, वैशाख गेला. एक दिवस नाही चुकला.

एक दिवस जवळजवळ चुकलाच. ज्येष्ठात सिंधुला ताप भरला. ती उठू शकेना. उमाबाई तिच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत बसली, आणि तापात बरळावं तसे सिंधुचे ओठ हलत राहिले. उमाबाई पट्ट्या बदलत मोजत होती. नऊ झाले. दुपार तापली होती, वारा पडला होता, आणि रात्रभरच्या जागरणानं उमाबाईचा डोळा लागला. जागी झाली तेव्हा सिंधु झोपली होती, घाम सुटला होता. दहावा झाला का, अकरावा झाला का, कळायला मार्ग नव्हता. विचारायचं तर आपण सगळं जाणतो हे सांगावं लागलं असतं. तिनं विचारलं नाही. पण तेव्हापासून रात्री अंथरुणावर पडली की ते दोन रुद्र तिच्या उशाशी येऊन बसायचे. चौदा हजार सहाशे एक्केचाळीसातून दोन गेले तर काय बिघडतं, असं तिनं मनाला सांगून बघितलं. मन म्हणालं, हा आकडा दोनला ओळखत नाही.

समाप्तीच्या दिवशी देऊळ भरून माणसं रस्त्यावर आली. मन्मथ सकाळच्या गाडीनं लातूरहून आला होता. सिंधुनं आपलं पातळ-चोळीचं गाठोडं बांधून ठेवलं होतं. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी बांधलं होतं. ते गाठोडं घरातल्या खुंटीखाली बघून उमाबाई देवळात आली होती.

शेवटचा रुद्र झाला. स्वामींनी नारळ उचलला, तेवढ्यात अमृतराव उभे राहिले. अमृतराव गावचे पाटील, टँकरच्या पाण्याचं वाटप त्यांच्याकडं. दगडावर पाणी ओतायला त्यांचा पहिल्यापासून विरोध. मनाचे वाईट नव्हते, पण चार महिने त्यांना कुणी विचारलं नव्हतं, याचा राग होता.

"स्वामी, नारळाआधी एक इचारतो. माणसं दहाच बसली. तुमी म्हणला सारखं वाटून घेतलं. चौदा हजार सहाशे एक्केचाळीसला दहानं भाग जातो का? माझा नातू म्हणतो, जात न्हाई. एक उरतो."

गलका झाला. "एक तर एक!" कुणीतरी म्हणालं.

"एक न्हाई," अमृतराव म्हणाले. "प्रत्येकानं अकराच म्हटले असं पोरंच सांगून राहिलीत. म्हंजे रोज अकरा कमी. हजारावर कमी भरत्यात. गावाच्या नावानं संकल्प सोडला. तो खोटा पडला तर जबाबदार कोण? असला स्वामी मठात कामून ठेवायचा?"

स्वामींनी नारळ खाली ठेवला. त्यांनी मान वळवली आणि सगळ्या गावाच्या देखत बायांच्या बाजूला, उमाबाईकडे बघितलं. तिची परवानगी मागावी तसं.

आणि त्या क्षणी उमाबाईला त्यांचं ते हसू उमगलं. स्वामींना वाटत होतं की आपल्याला पहिल्यापासून माहीत आहे. अकरावी जागा मी भरते म्हणताना सुनेनं त्यांना सांगितलं असणार, "आत्याबाईंना विचारलंय." खोटं. तिनं सिंधुकडे नजर टाकली. सिंधु खाली बघत होती, आणि तिचे ओठ पहिल्यांदाच हलत नव्हते.

उमाबाई उठली. गुडघे कुरकुरले.

"अमृतराव, तुमचा नातू हुशार हाय. पण त्याला पुढचं सांगा. त्या आकड्याला दहानं भाग जात न्हाई, बारानं जात न्हाई. कशानंच जात न्हाई. फक्त अकरानं जातो. म्हणून अकरावं तोंड हाय."

"कुठं हाय? दिसंना तर."

"माझ्या घरी. माझी सून."

मन्मथ गर्दीतून पुढं सरकायला लागला. नागाबाईनं पदर तोंडावर घेतला आणि तिथंच विसरली.

"बाईमाणूस?" अमृतराव म्हणाले. "चार महिने? रोज? अन् मधले ते दिवस?"

"आमच्यात ते पाळत न्हाईत, पाटील. गळ्यात लिंग असतं. ते काय चार दिवस खुंटीला टांगायचं?"

बायांच्या बाजूनं हसू फुटलं. अमृतरावांच्या मिशाही जरा हलल्या, पण ते बसले नाहीत. "उमाबाई, सुनेची बाजू कुणीबी घेईल. मला सांगा, तुमी मोजलंय?"

"मोजलंय."

"स्वतः? कानानं ऐकून?"

"भिंतीमागं बसून. रोज. गुडघे इचारा माझे."

"सगळं?"

उमाबाई थांबली. गर्दीतल्या कुणाला कळलं नाही, पण ती थांबली. भिंतीमागं बसायच्या आधीच्या दिवसांना निदान स्वामींच्या तांब्यातली पानं साक्षीला होती, तापाच्या दिवसाला कुणीच नव्हतं. नऊ. तिनं कानानं ऐकलेले त्या दिवशीचे नऊ. "दोन सोडून" म्हटलं तर आकडा मोडला, स्वामी गेले, आणि खुंटीखालचं गाठोडं कायमचं भोकरला गेलं. "सगळं" म्हटलं तर उमाबाईनं जन्मात पहिल्यांदा न बघितलेल्या गोष्टीवर शब्द दिला. आणि तो दिला कुणाच्या भरवशावर, तर जिनं चार महिने तोंडावर "पाणी हिंदकळलं" असं सांगितलं तिच्या.

सिंधुनं वर बघितलं होतं. डोळ्यांत विनवणी नव्हती. ती नुसती वाट बघत होती.

"सगळं," उमाबाई म्हणाली.

मागून कुणीतरी म्हातारा बोलला, "नवऱ्याच्या तराजूला सोडत न्हाई ती बाई. तिनं मोजलंय म्हणल्यावर आता काय ऱ्हायलं, पाटील? फोडा नारळ."

अमृतराव बसले. नारळ फुटला. आभाळ सकाळी होतं तसंच पांढरं, कोरडं होतं. पाऊस पुढं आला तो सगळीकडे आला तेव्हा आला, आणि कमीच आला. त्यावरून गावात कुणी उमाबाईला बोललं नाही.

घरी जाताना सासू पुढं, सून मागं. बोळ संपला. मग उमाबाई न वळताच म्हणाली, "मला इचारलंय म्हणून स्वामींना सांगितलंस. ते खोटं."

"हाव. ते खोटं."

"कामून?"

"तुमी न्हाई म्हणला असता तर ऐकावं लागलं असतं."

उमाबाईनं यावर विचार केला. उत्तरात खोट सापडेना. "अन् तापाच्या दिवशी?"

"अकरा झाले, आत्याबाई. शेवटचे दोन तुमचा डोळा लागल्यावर. तुमी घोरत होता, म्हणून मला माझं ऐकू येईना. जरा मोठ्यानंच म्हटले."

उमाबाई गर्रकन वळली. "मी घोरत न्हाई."

मागून येणारे अप्पा खोकले.

"काय झालं खोकायला?"

"काही न्हाई. घसा."

उमाबाईनं दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. हे दोघं आधीच ठरवून आलेत की काय, असा एक विचार तिच्या डोक्यात आला, थोडा वेळ थांबला, आणि मग बसायला जागा न मिळाल्यासारखा निघून गेला.

दारात मन्मथ बायकोचं गाठोडं हातात घेऊन उभा होता. त्याला काय चाललंय ते अर्धंच कळलं होतं. "अव्वा, तीनच्या गाडीनं निघायचं ना? उदगीरला बदलून संध्याकाळपर्यंत भोकरला पोचू. तू सांगितलं होतंस."

सिंधु उंबऱ्याबाहेरच थांबली.

"निघायचं की," उमाबाई म्हणाली. सिंधुचा चेहरा उतरला, तो उतरू देऊन, नीट बघून घेऊन, मग तिनं पुढचं सांगितलं, "गुरुपादप्पांना जाऊन सांगा, नातीनं काय केलं ते. त्यांना दिसत न्हाई, मग सांगितल्याबिगर कसं कळायचं. पोथी धरून वर्सानुवर्सं कुणी बसलं ते फुकट न्हाई गेलं म्हणावं."

मन्मथ गाठोडं या हातातून त्या हातात करू लागला. "अन् परत कवा आणू?"

"आठ दिवसांनी. आठ म्हंजे आठ. अन् हिच्या माहेरचे 'ऱ्हा अजून दोन दिवस' म्हणतील, त्यांना ऐकून घेऊ नको." आत जाता जाता ती पुन्हा दारात आली. "नांदेड जिल्ह्यातला आठवडा कितीचा असतो, कुणाला ठावं."